वेशीवरची दारू आणि चर्चमागची खोली

उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जोयडा तालुक्यात कॅसलरॉक नावाचे रेल्वे स्थानक आहे. तिथून गाडी ब्रागांझा घाट उतरू लागते आणि दूधसागरच्या धबधब्याजवळून गोव्यात शिरते. १८८८ मध्ये मुरगावचा लोहमार्ग इथवर पोचला, तेव्हा अलीकडे इंग्रजांचे राज्य होते आणि पलीकडे पोर्तुगीजांचे. मीठ, कापड, दारू, जे काही हद्द ओलांडेल त्यावर इथे सरकारी नजर असे. गोवा १९६१ मध्ये मुक्त होईपर्यंत या घाटमाथ्याने जकातीचा पहारा अनुभवला.

त्या पहाऱ्यात दारूचे प्रकरण फार जुने. १८७८ च्या डिसेंबरात इंग्लंड आणि पोर्तुगाल यांनी लिस्बनला जो करार केला, त्यात रेल्वे होती, मीठ होते, तशीच अबकारीही होती. गोव्यातली ताडी-माडी आणि काजूची दारू स्वस्त राहिली तर मुंबई इलाख्याचा महसूल बुडणार, म्हणून गोव्यातही इंग्रजी धर्तीची अबकारी बसवायची असे ठरले. त्याच वर्षी मुंबई सरकारने स्वतःचा अबकारी कायदा केला. गावोगावच्या भट्ट्या बंद पाडून दारू मोजक्या सरकारी देखरेखीच्या भट्ट्यांत गाळायची, मक्ता द्यायचा, ताडीच्या झाडामागे कर घ्यायचा, अशी ती व्यवस्था. अबकारी आयुक्त चार्ल्स प्रिचर्ड यांनी ती कठोरपणे राबवली. भंडाऱ्याच्या माडावर, कुणब्याच्या रानातल्या भेरली माडावर आता सरकारचा हिशेब चढला. गोव्याबरोबरचा करार १८९२ मध्ये संपला. अबकारी मात्र राहिली.

उत्तर कन्नड १८६२ पासून मुंबई इलाख्यात होते, हे इथे ध्यानात ठेवायला हवे. कारण पुढची नव्वदहून अधिक वर्षे मुंबईत दारूबद्दल जो निर्णय होई, तो कॅसलरॉकला आणि त्याच तालुक्यातल्या सुप्यालाही लागू होई. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने १९५० पासून सारे राज्य कोरडे ठरवले. त्या काळात गोवा पोर्तुगीजांकडेच होता आणि तिथे दारू खुली होती. म्हणजे जोयड्याच्या माणसाच्या एका हाताला संपूर्ण दारूबंदी आणि दुसऱ्या हाताला, रानातल्या पायवाटेने गेल्यास, उघडे दुकान. १९५६ मध्ये हा भाग म्हैसूर राज्यात गेला. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्या राज्याने दारूबंदी उठवली. पुढे सारायीची, म्हणजे स्वस्त देशी दारूची, पाकिटे आली, आणि १ जुलै २००७ पासून कर्नाटकाने सारायीवर बंदी घातली. गावागावांतल्या बायकांनी त्या बंदीसाठी आवाज उठवला होता. बंदी आली खरी, पण सारायी पिणाऱ्यातले बरेचजण स्वस्त व्हिस्कीकडे वळले.

एकाच घरातल्या तीन पिढ्यांनी असे चार वेगवेगळे कायदे पाहिले. आजोबाची माडी करात अडकली, बापाची बाटली बेकायदा झाली, मुलाची कायदेशीर झाली. पिणे कोणत्याच पिढीत थांबले नाही. दारूच्या इतिहासात महसूल खाते आणि पोलीस खाते यांचीच दप्तरे मोठी आहेत. पिणाऱ्याने दारू सोडायची कशी, हा प्रश्न त्या दप्तरांत सापडत नाही. त्याचा शोध दुसरीकडे घ्यावा लागतो, आणि त्या शोधातली एक ठळक वाट ख्रिस्ती श्रद्धेतून येते.

ती वाट मराठी मुलखात प्रथम आली ती शपथेच्या रूपाने. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये अहमदनगरला ठाणे मांडले, तेव्हा मिशनऱ्यांच्या मायदेशी दारूविरोधी लाट जोरात होती. बॉस्टनला १८२६ मध्ये अमेरिकन टेम्परन्स सोसायटी निघाली होती. आयर्लंडात १८३८ पासून कॅपुचिन संन्यासी थिओबाल्ड मॅथ्यू हजारोंच्या जमावाकडून दारू न पिण्याची प्रतिज्ञा घेत होते. १९ सप्टेंबर १८८२ रोजी साल्व्हेशन आर्मीची लहानशी तुकडी फ्रेडरिक टकर यांच्याबरोबर मुंबई बंदरात उतरली. त्यांच्या वाजतगाजत मिरवणुकांमुळे सरकारने त्यांना अटकही केली. या सेनेत शिपाई म्हणून नाव घालायचे तर दारूला कायमचा रामराम ही अट होती आणि आजही आहे.

अमेरिकेत गेलेल्या पंडिता रमाबाईंनी १८८६ ते १८८८ या काळात वुमेन्स ख्रिश्चन टेम्परन्स युनियनचे काम जवळून पाहिले. फ्रान्सिस विलर्ड यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला. परतल्यावर १८८९ मध्ये त्यांनी अमेरिकेवर मराठीत जे पुस्तक लिहिले, त्यात या संघटनेबद्दल आदराने लिहिले आहे. रमाबाईंना त्यात दिसली ती बायकांची ताकद: नवऱ्याच्या पिण्याने ज्यांचे घर मोडते त्यांनी एकत्र येणे, सभा घेणे, पैसे जमवणे, कायदेमंडळाला जाब विचारणे. त्याच्या आधीच, १८८० मध्ये, महात्मा फुल्यांनी पुणे नगरपालिकेच्या प्रमुखांना पत्र लिहून शहरातल्या वाढत्या दारू दुकानांबद्दल तक्रार केली होती. फुले शिकले स्कॉटिश मिशनच्या शाळेत, लढले मात्र स्वतःच्या सत्यशोधक भूमिकेतून. दारूविरोधाची ख्रिस्ती हाक आणि इथली हाक अशा एकमेकींना भेटत होत्या.

या साऱ्या धडपडीत मन गुंतते, पण तिच्यातली उणीवही स्पष्ट दिसते. ज्याने अजून घोट घेतलेला नाही त्याला शपथ सावरते. व्यसनात रुतलेल्याला ती फार तर आठवडाभर पुरते, आणि मोडली की माणूस पूर्वीपेक्षा खोल जातो, कारण आता दारूच्या जोडीला देवाशी खोटे बोलल्याची लाज येते. तुळशीची माळ घातल्याने दारू सुटलेली माणसे मराठी गावांत पिढ्यान्‌पिढ्या आहेत. मात्र माळकऱ्याला माळेबरोबर दिंडी मिळते, एकादशी मिळते, भजनाची बैठक मिळते. संध्याकाळ कुठे काढायची, या प्रश्नाला उत्तर मिळते. मिशनच्या प्रतिज्ञापत्रावर सही करून घरी गेलेल्या माणसाला ती संध्याकाळ एकट्यानेच काढावी लागे.

उत्तर मिळाले ते १९३५ मध्ये, अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात, आणि तेही धर्मोपदेशकाकडून नव्हे.

त्याआधी थोडे फ्रँक बुकमन यांच्याविषयी. पेन्सिल्व्हेनियातले हे लुथरन पाळक. १९०८ मध्ये इंग्लंडच्या केझिक इथल्या एका लहान प्रार्थनागृहात त्यांना मनातल्या जुन्या अढीची जाणीव झाली आणि ज्यांच्यावर राग धरला होता त्यांना त्यांनी पत्रे लिहून क्षमा मागितली. पुढे ते भारतातही आले आणि गांधीजींना भेटले. त्यांच्याभोवती जमलेल्या मंडळींना ऑक्सफर्ड ग्रुप हे नाव पडले. रीत सोपी होती: स्वतःचे दोष दुसऱ्यापुढे कबूल करायचे, ज्यांचे नुकसान केले त्यांची भरपाई करायची, रोज शांत बसून देवाचे ऐकायचे आणि जे मिळाले ते दुसऱ्याला सांगायचे. आरंभीच्या ख्रिस्ती मंडळ्यांसारखे जगायचे, हा त्यामागचा ध्यास.

या ग्रुपमुळे काही काळ दारू सुटलेला एक मित्र १९३४ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कमध्ये बिल विल्सनच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. शेअर बाजारात नाव कमावून दारूत सगळे घालवलेला बिल त्याच्यापुढेही पीतच होता. डिसेंबरात तो टाउन्स रुग्णालयात दाखल झाला. तिथले डॉक्टर विल्यम सिल्कवर्थ त्याला पूर्वीपासून सांगत आले होते की हा दुर्गुण नसून आजार आहे: शरीर पहिल्या घोटाला वेगळी प्रतिक्रिया देते आणि मन तो पहिला घोट घ्यायला लावते. त्या खाटेवर बिलला देवाच्या सान्निध्याचा विलक्षण अनुभव आला. त्यानंतर तो कधी प्यायला नाही.

पण कथेचे वळण इथे नाही. पुढच्या मे महिन्यात बिल व्यवसायाच्या कामाने अ‍ॅक्रनला गेला, काम फसले, आणि हॉटेलात उभा असताना शेजारच्या बारमधला गलका त्याला ऐकू आला. त्याने बारऐवजी टेलिफोन गाठला आणि चर्चच्या यादीतून एका पाळकाला फोन लावला. मागणी विचित्र होती: मला एखादा दारुडा भेटवून द्या, मला त्याच्याशी बोलायचे आहे. पाळकांच्या ओळखीतून तो डॉ. बॉब स्मिथ यांच्यापर्यंत पोचला. शल्यविशारद असलेले हे डॉक्टर त्याच ऑक्सफर्ड ग्रुपमध्ये अडीच वर्षे प्रार्थना करीत होते आणि पीतही होते. पंधरा मिनिटे बसतो म्हणून आलेले डॉक्टर तासन्‌तास बसले. बिलने उपदेश केला नाही. आपली कहाणी सांगितली. डॉ. बॉब यांनी १० जून १९३५ रोजी शेवटचा घोट घेतला. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस आपला जन्मदिवस तोच मानते.

बायबल, प्रार्थना, पाळक, सगळे डॉ. बॉब यांच्याकडे आधीपासून होते. नव्हता तो आणखी एक पिणारा. ख्रिस्ती परंपरेत कबुलीजबाब जुनाच, पण तो धर्मगुरूपुढे द्यायचा. इथे एका बुडालेल्याने दुसऱ्या बुडालेल्यापुढे तोंड उघडले. अ‍ॅक्रनच्या त्या सुरुवातीच्या मंडळींना नव्या करारातले याकोबाचे पत्र फार प्रिय होते, आणि त्या पत्रात एकमेकांपुढे पापे कबूल करण्याचा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करण्याचा सल्ला आहे. त्यांनी तो अक्षरशः घेतला.

१९३९ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले आणि दारू सोडण्याच्या बारा पायऱ्या छापील झाल्या. त्या सुमारास ऑक्सफर्ड ग्रुपपासून ते वेगळेही झाले. देवाचा उल्लेख कसा करायचा यावर वाद झाला आणि नास्तिक सभासदांच्या आग्रहामुळे प्रत्येकाला जसा उमगेल तसा देव, अशी मुभा त्या पायऱ्यांत आली. हिंदू, मुसलमान, बौद्ध माणसाला पुढे या वाटेवर चालता आले ते या मुभेमुळे. तरीही ख्रिस्ती हात सुटला नाही. अ‍ॅक्रनच्या सेंट थॉमस रुग्णालयात सिस्टर इग्नेशिया या संन्यासिनीने दारुड्यांसाठी खाटा मिळवून दिल्या, आणि त्या काळी इतर रुग्णालये त्यांना दारातही उभे करत नसत. १९४० च्या हिवाळ्यात जेझुइट पाळक एड डाउलिंग बिलला भेटले. त्यांना या बारा पायऱ्यांत आपल्या संघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांच्या आध्यात्मिक साधनेची छाया दिसली होती. बिलने इग्नेशियस वाचलेलाच नव्हता.

ही वाट भारतात आली ती १९५७ मध्ये, मुंबईत. तेव्हा मुंबई राज्यात दारूबंदी पूर्ण अंमलात होती. परवान्याशिवाय बाटली बाळगणे गुन्हा होता, हातभट्ट्या पकडल्या जात होत्या, चोरून दारू विकणारे आंटीचे अड्डे चालूच होते. कायद्याने दारू नाहीशी केलेल्या त्याच शहरात दारू सोडू न शकणारी माणसे एका खोलीत बसून एकमेकांना आधार देऊ लागली. पहिल्या बैठका इंग्रजीत होत. मग मराठी, हिंदी, कोंकणीत होऊ लागल्या. बहुतेक खोल्या चर्चच्या आवारातल्या किंवा चर्चच्या शाळांतल्या. वांद्रे, माहीम, वसई, मडगाव, पणजी या ठिकाणी पिणाऱ्याच्या घरच्यांना पाळकच सांगत, अमक्या संध्याकाळी शाळेच्या मागच्या वर्गात ये.

वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारात १९८१ मध्ये फादर जोसेफ परेरा यांनी कृपा फाउंडेशन सुरू केले. फादर ज्यो हे बी. के. एस. अय्यंगारांचे शिष्य. त्यांनी बारा पायऱ्यांना अय्यंगार योगाची जोड दिली. दारूने थरथरणाऱ्या, स्वतःच्या शरीराचा तिटकारा आलेल्या माणसाला आधी नीट उभे राहायला आणि श्वास सोडायला शिकवायचे, मग कहाणी सांगायला लावायचे. कॅथलिक पाळक, पुण्यातल्या योगगुरूची विद्या आणि अमेरिकेतल्या दारुड्यांच्या पायऱ्या, असा हा मेळ वांद्र्यातच जमू शकत होता. कृपाची केंद्रे पुढे वसईपासून ईशान्य भारतापर्यंत निघाली. २००९ मध्ये फादर ज्यो यांना पद्मश्री मिळाली.

पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ रोजी अनिल आणि सुनंदा अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले, त्याला पु. ल. देशपांडे यांच्या देणगीचा आधार होता. ते केंद्र कोणत्याही धर्माचे नाही. मात्र तिथे आणि देशभरच्या अशा केंद्रांत जी प्रार्थना म्हटली जाते, बदलता येईल ते बदलण्याचे धैर्य आणि न बदलणारे स्वीकारण्याची शांती मागणारी, ती अमेरिकन प्रोटेस्टंट धर्मशास्त्रज्ञ रायनहोल्ड नीबूर यांच्याशी जोडली जाते. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रात ती पाहून बिलच्या मंडळींनी उचलली. आज ती मराठीत तोंडपाठ असलेल्यांत वारकरी आहेत, नवबौद्ध आहेत, मुसलमान आहेत. एकाच झऱ्याचे दुसरे पाणीही महाराष्ट्रात आले: बुकमन यांच्या चळवळीचे एशिया प्लॅटो हे केंद्र राजमोहन गांधी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस पाचगणीला उभारले.

आता पुन्हा घाटमाथ्यावर. जोयड्यात कुणबी, मराठे, गवळी, सिद्दी अशी वस्ती. कोंकणी, मराठी, कन्नड तिन्ही भाषा चालतात. काळी नदीवरच्या धरणात जुने सुपे बुडाले आणि विस्थापितांची घरे रामनगरला वसली. जमीन, देऊळ, शेजार एकदम गेलेल्या माणसाला दारू जवळची वाटावी यात नवल नाही. ख्रिस्ती लोक इथे थोडे. शेजारच्या हल्याळ आणि यल्लापूर भागातल्या सिद्द्यांत मात्र कॅथलिक पुष्कळ. आफ्रिकेतून पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून आणलेल्या आणि गोव्यातून घाट चढून रानात निसटलेल्या माणसांचे हे वंशज, असे त्यांच्याविषयी मानले जाते. या भागाची चर्चव्यवस्था आधी गोव्याकडे होती, मग १९५३ मध्ये बेळगाव धर्मप्रांत झाला आणि १९७६ मध्ये कारवार धर्मप्रांत. ज्या घाटाने फेणी वर आली त्याच घाटाने प्रार्थनाही आली.

इथल्या इतर श्रद्धांनीही हात आखडलेला नाही. धर्मस्थळच्या मंजुनाथेश्वर संस्थेची मद्यवर्जन शिबिरे कर्नाटकभर होतात, आणि त्यांत भजन, समुपदेशन, कुटुंबाला बोलावून घेणे हे सारे असते. शिबिरातून परतल्यावर त्या माणसांनी पुन्हा पुन्हा भेटत राहावे यावर तिथेही भर असतो. अ‍ॅक्रनची वाट ज्यांनी कधी ऐकली नाही तेही अनुभवाने त्याच ठिकाणी येतात.

श्रद्धेचा आधार शोधणाऱ्यांनी एक गोष्ट मात्र विसरू नये. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने प्रार्थनासभेतून उठून एका रात्रीत दारू तोडली तर दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. डॉ. बॉब आणि सिस्टर इग्नेशिया यांनी रुग्णालयातल्या खाटेचा आग्रह धरला तो याचसाठी. जोयड्याहून धारवाडचे मनोरुग्णालय किंवा बेळगावचे रुग्णालय दूर आहे, पण पहिले काही दिवस डॉक्टरांच्या नजरेखाली काढणे टाळता येत नाही. देशातल्या २०१९ च्या सरकारी पाहणीनुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ माणसांपैकी जेमतेम एकाला कसलेही उपचार मिळतात. दुसरीकडे २०२० मध्ये कोक्रेन संस्थेच्या आढाव्याने दाखवले की संपूर्ण दारूमुक्त राहण्यात बारा पायऱ्यांची नीट जोड दिलेले उपचार इतर प्रस्थापित मानसोपचारांपेक्षा सरस ठरतात. डॉक्टर आणि बैठक, दोन्ही लागतात.

चर्चच्या मागच्या खोलीत बसणारी मंडळी चर्चकडून पैसे घेत नाहीत. बाहेरच्या कुणाचीच देणगी ती घेत नाहीत. टोपी फिरते, ज्याच्या खिशात जे असेल ते पडते, त्यातून खोलीचे भाडे आणि चहा. पाळकाने खोली दिली म्हणून त्याचा शब्द चालत नाही, आणि सभासदाचा जात-धर्म विचारला जात नाही. आडनावही कुणी विचारत नाही. जिथे सगळे सगळ्यांना ओळखतात अशा वाडीवस्तीत हे अवघड पडते. बसमधून उतरून कोण कुठल्या दारात शिरले हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळते. म्हणून अशा गावांतला माणूस पहिली बैठक बहुतेक वेळा दुसऱ्या गावात शोधतो: मडगावला, बेळगावला, कामाच्या निमित्ताने जिथे जाणे होते तिथे.

पण समूह व्हायला किती माणसे लागतात, याचे उत्तर त्यांच्या नियमांत १९४० च्या दशकातच दिलेले आहे. दारू सोडण्यासाठी दोघे-तिघे एकत्र बसले तरी तो समूह. ख्रिस्ताच्या नावाने दोघे-तिघे जमतील तिथे तो असेल, हे मत्तयच्या शुभवर्तमानातले वचन त्या मंडळींच्या कानावरून गेलेलेच होते. जिथे चौरस किलोमीटरला तीसही माणसे राहत नाहीत आणि एका वाडीपासून दुसऱ्या वाडीपर्यंत रानातून चालत जावे लागते, त्या जोयड्यात एका समूहासाठी एवढ्याच दोघांची गरज आहे: एक जो कालपर्यंत पीत होता, आणि दुसरा जो त्याच्याआधी थांबला.